चुन्याची पुडी आणि डोळ्याचे मोल

तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी खेळता खेळता फुटते आणि चुना थेट मुलाच्या डोळ्यात उडतो. आम्ल बहुधा पृष्ठभागावरच अडते. चुन्यातील अल्कली मात्र पारपटल भेदून आत उतरते. डोळ्यातील पाण्यात ‘क’ जीवनसत्त्व रक्ताच्या सुमारे २० पट असते. प्राणवायूच्या उपद्रवी कणांना आवरणारा आणि पारपटलाच्या तंतूंची डागडुजी करणारा हा साठा अल्कलीने आटतो. तो भरून काढल्यास पारपटलावरील व्रण टळतात, असे सशांवरील प्रयोगांतून १९७६ साली दिसले. आज हे जीवनसत्त्व रुग्णांनाही थेंबांतून व गोळ्यांतून देतात.

हे संशोधन मोलाचेच. परंतु ते दुसऱ्या पायरीवरचे आहे. पहिली पायरी म्हणजे क्षणाचाही विलंब न लावता निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार आणि पापणीआडचे चुन्याचे कण काढणे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे निराळेच खटकते. पुडीच्या किमतीत डोळ्याची किंमत कोठेच धरलेली नसते. ती मुलाचे कुटुंब आणि सरकारी रुग्णालय भरते. आजोबांच्या चंचीतले धातूचे चुनाळे दाबले तरी फुटत नसे. मुलांच्या बोटांनी फुटणाऱ्या पुडीवर शासनाने बंदी घालावी आणि घट्ट झाकणाच्या डबीचा खर्च उत्पादकाने सोसावा.