‘नॉर्मल की सिझर?’ याच्यापुढचा प्रश्न

बाळ झाल्याचा फोन आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ आणि लगेच दुसरा ‘नॉर्मल की सिझर?’ फॅमिली ग्रुपवर बघा, हाच क्रम दिसेल. कळा येत होत्या तेव्हा तिच्याजवळ कोण होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, इथे अजून केटी सुटली नाही आणि ही डिलिव्हरीचं काय घेऊन बसली! पण आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या बहिणींची लग्नं झालीयत. हॉस्पिटलात डबा घेऊन आपणच जातो, आणि आत काय चाललंय हे आपल्याला कुणी सांगत नाही.

माझ्या आतेबहिणीला गेल्या वर्षी मुलगी झाली. ताई आणि भावोजी आमच्या गव्हाणचेच. भावोजी न्हावाशेव्याकडे एका कंटेनर यार्डात कामाला आहेत. सगळे रिपोर्ट चांगले होते, म्हणून दोघांनी सातव्या महिन्यात ठरवलं की उगाच घाई न करता मिडवाइफसोबत नैसर्गिक बाळंतपण करायचं. घरात भूकंप! आत्या म्हणाली, “आता काय परत सुईन आनायची हाय?” शेवटी मुंबईच्या बाजूला एक खासगी हॉस्पिटल सापडलं. तिथे बाळंतपण प्रशिक्षित नर्स-मिडवाइफ करते आणि डॉक्टर व ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत असतं.

चौदा तास लागले. ताई चालली, ओणवी राहिली, गरम पाण्याखाली बसली. मिडवाइफ ठरावीक वेळाने बाळाचे ठोके ऐकायची आणि पुढे काय होणार ते सांगायची. कंबर दाबायचं काम भावोजींकडे होतं. तेही थकले, पण ते सांगायची सोय नव्हती! मी नंतर ताईला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, “दुखलं. खूप दुखलं. पण मला कुणी ओरडलं नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. कारण ओरडणं ही किती सर्रास गोष्ट आहे, ते कुठल्याही काकू-मावशीला विचारा. झोपून राहा, आवाज करू नको, आता कशाला रडतेस. हे ऐकून घेणं म्हणजे बाळंतपणाचाच भाग, असं त्यांनी मान्यच करून टाकलंय.

आता दुसरी बाजू. ‘आपल्या आज्यांची घरीच दहा-दहा बाळंतपणं व्हायची’ असे रील्स सध्या जोरात आहेत. आमची आजी गव्हाणात सुईणपण करायची. तिला मी असा एक रील दाखवला. तिने तो पूर्ण बघितला आणि म्हणाली, “सगली नाय गो वाचली, बाय.” मग बराच वेळ ती काही बोललीच नाही. सुईणीच्या हातात माया आणि अनुभव होता, पण रक्तस्राव थांबवायचं औषध तिच्याकडे नव्हतं.

२०१८ च्या जुलैमध्ये तमिळनाडूतल्या तिरुपूरला एका जोडप्याने यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून घरीच बाळंतपण केलं. बाळ वाचलं, आई अतिरक्तस्रावाने गेली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आधी सांगून येत नाही, नऊ महिने सगळं नॉर्मल असलेल्या बाईलाही तो होतो. आणि गव्हाणहून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालात की वाटेत ट्रेलरच्या रांगा लागल्या तर किती वेळ जातो, ते इथल्यांना सांगायला नको. घरी, प्रशिक्षित माणूस जवळ नसताना बाळंतपण करणं याला मी तरी ‘नैसर्गिक’ म्हणणार नाही.

महाराष्ट्रात आज सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होते, तेव्हा महाराष्ट्रात ३३. त्यात दवाखान्यांचा मोठा वाटा आहे. तो नाकारून रोमँटिक होण्यात अर्थ नाही.

पण दवाखान्यात पोचल्यावर काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळजवळ निम्मी! अवघड केसेस खासगीत जातात म्हणावं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलेल्या कितीतरी गुंतागुंतीच्या केसेस सरकारी मोठ्या हॉस्पिटलांतच येतात. सिझर जीव वाचवतं, त्याबद्दल वादच नाही. पण एवढ्या जणींना त्याची गरज होती का, हे विचारायलाच हवं. दर तासाला गर्भाशयाचं तोंड एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हिशेब सगळ्यांना लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय. वाट बघायला मात्र कुणीतरी जवळ बसून राहावं लागतं. तेच काम मिडवाइफ करते, आणि काही बिघडतंय असं दिसलं की डॉक्टरला बोलावते.

हे काही हिप्पी फॅड नाही. ब्रिटनची राजकन्या शार्लट २०१५ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात मिडवाइफच्याच हाती जन्मली. डॉक्टर तयारीत होते, पण लागले नाहीत. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली: अनुभवी नर्सेसना १८ महिन्यांचं प्रशिक्षण आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे पद. तेलंगणाने तर २०१७ मध्येच सरकारी नर्सेसना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे आत्याला जी ‘सुईन’ आठवली आणि ताईला जी मिडवाइफ भेटली, त्यांच्यातलं अंतर भरून काढायची योजना कागदावर तयार आहे. ताईला मात्र ती पैसे मोजून मिळाली. त्या बिलात भावोजींचा दोन महिन्यांचा पगार गेला. ज्यांच्याकडे तेवढे नाहीत त्यांनी काय करायचं? ओरडा खायचा?

भावोजींबद्दलही एक. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाईमाणूस राहू द्यायचं ठरवलं, आणि खासगीपणा राखता येत असेल तिथे नवऱ्यालाही. या ‘असेल तिथे’मध्येच घोडं अडतं. एकाच खोलीत शेजारी-शेजारी टेबलं असतील तर नवऱ्याला आत घेणार कसं? मग तो बाहेर टपरीवर चहा पीत बसतो आणि वर ‘पुरुषांना काय कळतंय’ हेही ऐकतो. पार्टिशन टाकायला असा किती खर्च येतो?

आमच्याकडे विमानतळ आला, अटल सेतू आला, उरणची लोकल आली. उलव्याच्या टॉवरमध्ये रोज नवी जोडपी राहायला येतायत. एवढ्या सगळ्यात शेजारच्या सरकारी दवाखान्यात एक प्रशिक्षित मिडवाइफ मागणं जास्त आहे का?

माझी एक मैत्रीण बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘मिडवाइफ होशील?’ असं तिला विचारलं, तर म्हणाली, “आवडेल ना. पण १८ महिने शिकून परत मला इंजेक्शनच्या काउंटरवरच बसवणार असतील तर?” भरतीच्या जाहिरातीत हे पद नाव घेऊन छापून आलं, तर तिच्या वर्गातल्या आणखी चार जणी अर्ज करायला तयार आहेत. मी नावं विचारून घेतलीयत.