कोड तपासताना आधी कोणती फाइल? क्रम ‘एबीसीडी’वर सोडू नका!

बँकेचं ॲप असो की तिकीट बुकिंगची वेबसाइट, त्यातला बदल ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी साधारणपणे दुसऱ्या एखाद्या डेव्हलपरच्या नजरेखालून जातो. यालाच ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. रिव्ह्यूत काय पाहायचं, यावर टीममध्ये भरपूर चर्चा होते. पण बदललेल्या पंधरा फायली कोणत्या क्रमानं वाचायच्या, हे अनेक ठिकाणी कुणीच ठरवलेलं नसतं. ते ठरवतं फाइलचं नाव.

सध्या क्रम कसा लागतो?

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ बदललेल्या फायली इंग्रजी वर्णक्रमानं दाखवतं. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टमध्येही तेच. समजा, रिफंडच्या सोयीत बदल झाला आहे. ‘ॲडमिन’ फोल्डरमधली फाइल सगळ्यात वर दिसेल, मग त्यात फक्त एका बटणाचं नाव बदललेलं का असेना. ग्राहकाला किती पैसे परत द्यायचे हे मोजणारी ‘रिफंड’ फाइल बरीच खाली जाईल आणि ‘टेस्ट्स’ जवळपास तळाला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या पेपरला मिळणारी नजर शेवटच्याला मिळते का?

संशोधन काय सांगतं?

ही नुसती शंका नाही. २०२२ मध्ये ‘एफएसई’ या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासात १३८ जावा प्रकल्पांतल्या दोन लाखांहून अधिक पुल रिक्वेस्ट तपासल्या गेल्या. वर दिसणाऱ्या फायलींवर जास्त कमेंट्स आणि खालच्या फायलींवर कमी, असं चित्र समोर आलं. इतर कारणांचा हिशेब धरूनही ते टिकलं.

पुढे डेव्हलपरवर एक प्रयोग झाला. दोन फायलींत एकेक चूक मुद्दाम पेरली आणि त्या फायलींच्या जागा अदलाबदल केल्या. एका प्रकारच्या चुकीवर जागेचा परिणाम दिसला नाही. दुसरी चूक मात्र शेवटच्या फाइलमध्ये असताना ती सापडण्याचे ‘ऑड्स’ ६४ टक्क्यांनी घटले. म्हणजे वर्णक्रम दिसायला निष्पक्ष असला, तरी कुणाकडे दुर्लक्ष होणार हे तो गुपचूप ठरवत असतो.

तोडगा आहे का?

आहे, आणि फुकट आहे. गिटमध्ये ‘डिफ ऑर्डर फाइल’ नावाची सेटिंग आहे. हवा तो क्रम एका साध्या फाइलमध्ये लिहायचा, गिट त्याप्रमाणे बदल दाखवतं. ‘क्यूएमू’ या ओपन सोर्स प्रकल्पानं अशी फाइल कोडसोबतच ठेवली आहे. त्यात हेडर फायली आधी येतात आणि सी भाषेतला प्रत्यक्ष कोड नंतर. आधी आराखडा, मग बांधकाम. अडचण एवढीच, की ही सेटिंग प्रत्येकाला आपापल्या संगणकावर चालू करावी लागते.

म्हणूनच सेटिंगपेक्षा टीमचं एकमत महत्त्वाचं. माझ्या मते तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात.

१. सुरुवात कुठून? बदल करणाऱ्यानंच वर्णनात दोन ओळी लिहाव्यात : मुख्य बदल या फाइलमध्ये, उरलेल्या तिच्यामुळे बदलल्या. गूगलच्या रिव्ह्यू मार्गदर्शिकेतही मुख्य भाग आधी पाहायला सांगितलं आहे.

२. टेस्ट आधी की नंतर? टेस्ट आधी वाचल्या तर कोडकडून अपेक्षा काय, हे कळतं. काहींना आधी कोडच वाचायचा असतो. दोन्ही चालेल, पण दर वेळी नव्यानं वाद नको.

३. शेवटची फाइल कुणाची? दोन रिव्ह्यूअर असतील तर एकानं वरून आणि दुसऱ्यानं खालून सुरुवात करावी.

‘आणखी एक नियम कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. अनुभवी माणूस आपल्या पद्धतीनं वाचतो, त्याला अडवू नये. पण नव्यानं रुजू झालेल्या डेव्हलपरला कोडची ओळख नसते. तो दिसेल त्या क्रमानं वरून खाली जातो. पुण्यातून संध्याकाळी पाठवलेला बदल अमेरिकेतला सहकारी उघडतो, तेव्हा ‘कुठून वाचू?’ हे विचारायला समोर कुणी नसतं. अशांसाठी हा संकेत आहे, सक्ती नाही. मात्र क्रम साधावा म्हणून फायलींच्या नावापुढे आकडे चिकटवू नका. नाव बदललं की ती फाइल वापरणारा बाकीचा कोडही बदलावा लागतो.

आणि कितीही जुळवलं तरी वाचण्याचा क्रम लागतच नसेल, तर दोष क्रमाचा नाही. बदलच फार मोठा आहे. तो आधी तोडा, मग पाठवा.