मालक सातासमुद्रापार, मुकादम दाराशी

परदेशातील कंत्राटी चमूकडून काम कसे करवून घ्यावे, हे शिकविणारे एक शास्त्रच गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. घड्याळातील अंतराचा लाभ कसा उठवावा, कामाचा वेग कसा मोजावा, करारात दंडाची कलमे कशी घालावीत, याचे उत्तम मार्गदर्शन त्यात मिळते. काम करणारा माणूस कामामुळेच आजारी पडला तर त्याचे काय, या प्रश्नावर मात्र हे शास्त्र मौन पाळते. हे मौन अज्ञानाचे नव्हे. या व्यवहाराचे सारे आकर्षणच त्या मौनात आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही व्यवस्था नवी वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारभरती जॉबरच्या हाती होती. ऊसतोडीत आजही कारखान्याची उचल मुकादमामार्फतच कोयत्यांपर्यंत पोहोचते. कोणत्या फडात कधी तोड घालायची हे कारखाना ठरवितो. परंतु फडात कोणाला साप चावला की ‘ती माणसे आमची नव्हेत’ असे त्याच कारखान्याचे उत्तर येते. हुकूम वरून खाली येतो, जबाबदारी मात्र खालून वर जात नाही. आता या दोहोंच्या मध्ये समुद्र आला, एवढाच फरक.

केनियाची राजधानी नैरोबी येथे घडलेले प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. फेसबुकवरील हत्या, बलात्कार, बालकांचा छळ यांची दृश्ये पाहून ती काढून टाकण्याचे काम २०१९ पासून तेथे ‘सामा’ या कंपनीकडे होते. सामाचे मुख्यालय अमेरिकेत, काम ‘मेटा’चे, आणि दृश्ये पाहणारी तरुण मुले-मुली इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या देशांतून आणलेली. संघटना बांधण्याचा प्रयत्न करणाऱ्या डॅनियल मोटाऊंग यांची नोकरी २०१९ मध्येच गेली. ‘टाइम’ नियतकालिकाने २०२२ मध्ये हे प्रकरण बाहेर काढले, तेव्हा सर्वांत कमी वेतनाच्या कामगाराच्या हाती तासाला सुमारे दीड डॉलर पडत होता. याच सामाने ‘ओपनएआय’साठीही असेच काम केले. त्याबद्दल कराराप्रमाणे सामाला तासाला साडेबारा डॉलर मिळायचे होते, कामगाराच्या पदरात १.३२ ते २ डॉलर पडत होते. मुकादमाचा वाटा किती, ही वजाबाकी वाचकांनीच करावी.

जानेवारी २०२३ मध्ये सामाने फेसबुकचे काम सोडत असल्याचे सांगून सुमारे २६० जणांना नारळ दिला. त्यांपैकी सुमारे १८५ जण न्यायालयात गेले. मेटाचा बचाव सरळ होता: आमची केनियात नोंदणी नाही, हे कामगार आमचे नाहीत, येथील न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही. जून २०२३ मध्ये तेथील कामगार न्यायालयाने अंतरिम आदेशात हा मुखवटा दूर केला. काम मेटाचे, कामाची यंत्रणा मेटाची, सामा केवळ तिचा दलाल, असे सकृद्दर्शनी मत त्याने नोंदविले. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही मेटावर केनियात खटला चालू शकतो असा निर्णय दिला. हा अंतिम विजय नव्हे, केवळ दार उघडले आहे. त्याच वर्षअखेरीस न्यायालयात आलेल्या वैद्यकीय अहवालानुसार १४० हून अधिक कामगारांना आघातजन्य मनोविकाराने ग्रासलेले आढळले.

आपल्याकडे हे तत्त्व फार पूर्वी मान्य झालेले आहे. कंत्राटदाराने मजुरी थकविल्यास ती मूळ मालकाने चुकती करावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले. १९७८ मध्ये केरळमधील दोर वळणाऱ्या कामगारांच्या प्रकरणी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तर कंत्राटाचा पडदाच बाजूस सारला. ज्याच्या धंद्यासाठी श्रम केले जातात आणि ज्याने हात आखडता घेतल्यास कामगाराची चूल विझते, तोच खरा मालक, असा त्या निवाड्याचा आशय आहे. पुढे २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निवाड्याने कंत्राटी कामगारांना आपोआप सामावून घेण्याचा मार्ग बंद केला, हेही विसरता येत नाही. परंतु कृष्ण अय्यर यांची कसोटी हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्र जागविणाऱ्या मुलाला लावून पाहावी. तो कधी कामावर बसणार, किती वेगाने काम करणार आणि उद्या त्याला काम असणार की नाही, हे त्याच्या नियुक्तिपत्रावर सही करणारा ठरवीत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. भारतीय संगणक कंपन्या आता मनिलासारख्या शहरांत स्वतःच फिलिपिनो कामगार राबवितात. मुकादमी आपल्याकडेही आहे, आणि ती स्वदेशी आहे म्हणून तिला सूट देणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. शिवाय एका देशात न्यायालय जागे झाले की काम दुसऱ्या देशात सरकते. मेटाचे असेच काम घानातील आक्रा येथे हलविले गेल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. १ मे २०२३ रोजी नैरोबीत दीडशेहून अधिक कामगारांनी एकत्र येऊन संघटना स्थापन करण्याचा निर्णय घेतला, तो एका मालकापुरता नव्हता. फेसबुक, टिकटॉक आणि चॅटजीपीटी या तिन्हींसाठी राबणारे त्यात होते.

पुण्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी या क्षेत्रात काम करताना वेतनवाढीच्या मागणीबरोबरच एक मागणी पुढे रेटावी, असे आम्ही सुचवितो: परदेशी ग्राहकाबरोबरच्या करारातील कामाचा वेग, पाळ्या आणि दंड यांविषयीची कलमे कामगारांना वाचावयास मिळाली पाहिजेत. गोपनीयतेचे कारण पुढे केले जाईल. ज्या कलमांनी माणसाची झोप ठरते, ती त्याच्यापासून कोणत्या न्यायाने गुप्त ठेवली जातात, हे तेव्हा व्यवस्थापनाला जाहीरपणे विचारावे.