पहिल्या फेरीतला माझा टॅकल

आमच्या वसतिगृहात संगणकावर अमेरिकन फुटबॉलची लुटुपुटूची लीग चालते. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला क्लीव्हलँड ब्राऊन्स हा संघ आला. (हसणाऱ्यांनी खुशाल हसावे, खऱ्या ब्राऊन्सने २०१७ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने गमावले होते.) तिकडची रीत अशी, की तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान. म्हणजे नापासाला पहिला बाक!

सगळ्यांना वाटले, मी चेंडू फेकणारा एखादा रुबाबदार क्वार्टरबॅक घेणार. मी घेतला टॅकल. याचे काम एवढेच, की क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचे. झाले, मित्रमंडळींनी टीकेची झोड उठवली. हा हंगाम हरलो तर संघ काढून घ्यायचा, असा ठरावही झाला!

मला मात्र पश्चात्ताप नाही. ब्राऊन्सने १९९९ मध्ये सर्वांत आधी निवडलेला क्वार्टरबॅक टिम काउच पाच हंगामांत संपला. २०१४ च्या पहिल्या फेरीतला जॉनी मॅन्झील दोनच हंगाम टिकला. उलट २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला टॅकल जो थॉमस सलग १०,३६३ चाली मैदान न सोडता खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. टाळ्या अर्थात चेंडू फेकणाऱ्यालाच.

आणि टॉम ब्रॅडी? २००० साली त्याचा क्रमांक १९९ वा होता. तेव्हा माझ्या निवडीला निदान तीन हंगाम द्या. पहिल्यात पाच सामने जिंकलोच आहे. क्वार्टरबॅकचे पुढल्या वर्षी पाहू.