तीन तारांची केबल स्वतः करा

पडदा नाही, कळफलक नाही, असा संगणक आपल्याशी बोलणार तरी कसा? सन कंपनीचा १९९८ सालचा ‘अल्ट्रा ५’ हा संगणक घ्या. कळफलक न जोडता तो चालू केला, की आपले सारे बोलणे तो मागच्या २५ पिनांच्या ‘ए’ पोर्टकडे वळवतो. डिस्क सापडली नाही, तर ती तक्रारही तिथेच. हेच त्याचे कन्सोल. ते ऐकण्यासाठी लागणारी केबल तयार विकत आणू नये, स्वतः सोल्डर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

का? तयार केबल एक प्रश्न झाकून ठेवते: बोलतो कोण आणि ऐकतो कोण? २५ पिनांच्या पोर्टात संगणक २ क्रमांकाच्या पिनेवरून बोलतो, ३ वरून ऐकतो. ७ ही दोघांची सामाईक तार. आयबीएमने १९८४ साली ‘पीसी एटी’वर दिलेल्या ९ पिनांच्या पोर्टात मात्र बोलण्याची पिन ३, ऐकण्याची २ आणि सामाईक ५. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यायला हवे ना? मग २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७ जोडा. गंमत पाहा, क्रमांक सरळच राहिले! दोन्हीकडे २५ पिनांचे संगणक असते, तर २ आणि ३ यांची अदलाबदल करावी लागली असती. हे पाठ करून लक्षात राहायचे नाही.

शिक्षकांना विनंती, की पिनांचे क्रमांक फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांच्या हाती मल्टिमीटर द्या. १९६९ च्या आरएस-२३२-सी मानकानुसार ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. यंत्र गप्प असते तेव्हा त्याची बोलण्याची तार ‘१’ वर असते. तेव्हा मीटरची काळी तार ७ वर ठेवून लाल तार २ वर टेकवा. काटा वा आकडा ठळक उणे दाखवील. तेच यंत्राचे तोंड. ३ वर जवळजवळ शून्य दिसेल; तो कान. (माणसांच्या बाबतीत ही परीक्षा चालत नाही.)

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. आजच्या लॅपटॉपला असे पोर्ट बहुधा नसते, म्हणून यूएसबी अडॅप्टर लागतो. ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालणारी स्वस्त पट्टी इथे थेट जोडली, तर ती जळू शकते. आरएस-२३२ चाच अडॅप्टर घ्या.

वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवा. आठ बिटांचे अक्षर, आरंभाचा एक आणि शेवटचा एक, मिळून दहा; म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. पडद्यावर भलतीसलती चिन्हे उमटली, तर वेग तपासा. काहीच उमटले नाही, तर तारा तपासा.

आणि जोडलेले टर्मिनल एकाएकी बंद करू नका. ‘सन’चे यंत्र त्यालाच थांबण्याची खूण समजून कधी कधी जागच्या जागी थबकते आणि ‘ओके’ एवढेच म्हणत राहते. घाबरू नका, ‘गो’ टाइप करा. बहुधा ते पुढे चालू लागते.