सुधारून वाढविलेली आवृत्ति

एखाद्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘आवृत्ति दुसरी, सुधारून वाढविलेली’ अशी ओळ दिसली म्हणजे पहिली आवृत्ति विकत घेतलेल्या वाचकास थोडें चुकल्यासारखें वाटतें. आणखी सहा महिने थांबलों असतों तर बरें झालें असतें, असें तो मनाशीं म्हणतो. परंतु हा अनुभव ज्याला फार लागतो, तो मनुष्य हळू हळू पहिली आवृत्ति घेईनासा होतो, आणि पुढें पुढें दुसरीही घेत नाहीं. कारण दुसरी निघते न निघते तोंच तिसरीची वार्ता त्याच्या कानांवर आलेली असते. ग्रंथांच्या बाबतींत यामुळें फारसें बिघडत नाहीं. परंतु हीच वृत्ति घरांतील मोठ्या खरेदींत शिरली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्याच घरांत घडलें आहे. तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण फटफटीचें आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास नोकरी करितो व आमच्याजवळच राहतो. आमच्या मातुःश्री आणि थोरल्या वहिनी मात्र भोर तालुक्यांतील जुन्या घरीं असतात. वय अठ्ठ्याऐंशी झालें तरी मातुःश्रींना शहर मानवत नाहीं. पंधरा दिवसांतून एकदां त्यांचीं औषधें, थोडें सामान, आणि त्याहूनही अगत्याचें म्हणजे घरचें एखादें माणूस तेथें पोंचवावें लागतें. हें काम या मुलानें आपण होऊन पत्करलें आहे. मोठा रस्ता चांगला आहे. शेवटची सहा किलोमीटरांची वाट मात्र कच्ची असून पावसाळ्यांत तिच्यावर गोटे, चिखल आणि दोन ओढे असतात. त्याच्याजवळ असलेली आमची जुनी शंभर सी. सी. ची गाडी त्या वाटेवर आषाढापासून भाद्रपदापर्यंत चालत नाहीं. म्हणून रानवाटेची एक लहानशी फटफटी घ्यावी, असें २०२२ सालच्या दिवाळींत ठरलें. पैसे त्यानें स्वतः साठविलेले होते. घरांतील वडील मंडळींची संमतीही मिळाली होती. तरी फटफटी कांहीं दारांत येईना.

रानवाटेची फटफटी आणि नेहमींची फटफटी यांतील भेद पुष्कळांस केवळ दिखाऊ वाटतो. तसा तो नाहीं. पुढचें चाक मोठें, म्हणजे एकवीस इंची असल्यामुळें तें गोट्यास अडून न राहतां त्यावर चढून जातें. इंजिनाखालीं मोकळी जागा अधिक असल्यामुळें वाटेंतील दगड पोटाला लागत नाहींत. आणि धक्के शोषणारे शॉकअब्सॉर्बर लांब पल्ल्याचे असल्यामुळें खड्ड्यांत चाक खालीं गेलें तरी स्वार बराचसा स्थिर राहतो. आपल्याकडे अशी गाडी सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांतल्या किंमतींत मिळणें फार दिवस दुर्लभ होतें. होंडाशीं असलेली भागीदारी सुटल्यावर हीरो कंपनीनें २०११ सालीं ‘इम्पल्स’ नांवाची दीडशें सी. सी. ची गाडी काढली. तिचें अंग काटक होतें, पण इंजिन त्या मानानें अशक्त होतें. लोकांनीं तिची वाखाणणी केली आणि खरेदी मात्र बेताचीच केली. ती बंद पडल्यावर १ मे २०१९ रोजीं तिची खरी वारसदार बाजारांत आली, ती ‘एक्सपल्स २००’. हवेनें थंड होणारें दोनशें सी. सी. चें इंजिन, अठरा अश्वशक्ति, पोटाखालीं २२० मिलिमीटर मोकळी जागा, पुढील शॉकअब्सॉर्बरचा पल्ला १९० मिलिमीटर, आणि आरंभींची किंमत दिल्लीच्या भावानें ९७ हजार रुपये. त्या किंमतींत असें साहित्य दुसऱ्या कोणाजवळही नव्हतें.

आतां हिच्या आवृत्त्या पाहा. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचा भारत-सहाचा नियम लागू झाला. त्यासरशीं कार्बोरेटर असलेली स्वस्त गाडी बंद होऊन केवळ इंधन फवारणारी गाडी राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्यें इंजिनाच्या दोन झडपांच्या चार झडपा झाल्या. झडपा वाढल्या म्हणजे इंजिनास श्वास घेणें व सोडणें सुलभ होतें, आणि विशेषतः अधिक वेगांत त्याची दमछाक कमी होते. शक्ति अठरांवरून एकोणीस अश्वशक्तीवर गेली, आणि किंमत सव्वा लाखाच्या वर गेली. मे २०२३ मध्यें आणखी एक आवृत्ति निघाली. तींत ब्रेकाच्या ए. बी. एस. यंत्रणेला रस्ता, रानवाट व शर्यत असे तीन प्रकार मिळाले. शिवाय लांब पल्ल्याच्या व कमीअधिक करतां येणाऱ्या शॉकअब्सॉर्बरांची ‘प्रो’ नांवाची जात मिळूं लागली. आमच्या चिरंजीवांनीं २०२२ सालीं थांबून या सुधारणा मिळविल्या, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. तोंपर्यंत नव्या मोठ्या इंजिनाची वार्ता त्यांच्या कानीं आली होती.

ती वार्ता खोटी नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्यें इटलींतील मिलान येथील प्रदर्शनांत ‘एक्सपल्स २१०’ मांडली गेली, व जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत तिची किंमत जाहीर झाली. साधी जात सुमारें पावणेदोन लाख, वरची तिच्याहून दहा हजारांनीं अधिक. हिचें इंजिन त्याच कंपनीच्या ‘करिझ्मा’ गाडीवरून घेतलेलें, पाण्यानें थंड होणारें, सुमारें साडेचोवीस अश्वशक्तीचें आहे. गिअर पांचांचे सहा झाले. शॉकअब्सॉर्बरांचा पल्ला पुढें २१० व मागें २०५ मिलिमीटर झाला. येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. पहिली एक्सपल्स १५४ किलोंची होती, ही १६८ किलोंची आहे. चौदा किलो हा आंकडा कागदावर लहान दिसतो. चिखलांत आडवी झालेली गाडी एकट्यानें उभी करतांना तो तसा वाटत नाहीं. सुधारणेबरोबर कांहीं तरी वाढतें, आणि वाढलेलें सर्वच आपल्या उपयोगाचें असतें असें नाहीं.

एवढें झाल्यावर तरी थांबणें संपेल, अशी आमची समजूत होती. परंतु नवी गाडी बाजारांत येऊन महिना लोटला नाहीं तोंच चिरंजीवांनीं आपली यादी तयार केली. जुन्या गाडीस जशी पुढें ‘प्रो’ जात मिळाली तशी हिलाही मिळेल. तारांच्या आऱ्यांचीं चाकें ट्यूबेवांचून चालणारीं होतील. बैठक ठेंगणी करून मिळेल. तोंवर पहिल्या वर्षांतील लहानसहान दोषही निघून जातील. ही यादी वेडगळ नव्हे, हें आम्ही प्रामाणिकपणें सांगतों. तारांच्या चाकांचेंच घ्या. प्रत्येक आऱ्यासाठीं रिमेला भोंक असतें, तेथून हवा निसटते, म्हणून आंत ट्यूब घालावी लागते. आणि ट्यूब पंक्चर झाली कीं रानांत चाक उतरविल्यावांचून गति नाहीं. आऱ्यांची रचना बदलून हवा कोंडणारीं चाकें करितां येतात. रॉयल एनफील्डच्या ‘हिमालयन ४५०’ या मोठ्या गाडीस तीं २०२४ सालीं मिळूं लागलीं. मग लहान गाडीनें आशा कां धरूं नये? बैठकीचीही गोष्ट तशीच. ८३० मिलिमीटर उंचीच्या बैठकीवरून साडेपांच फुटी मनुष्याचे दोन्ही तळपाय जमिनीस पुरते टेकत नाहींत, आणि ओढ्यांत तेंच नेमकें हवें असतें.

तेव्हां थांबणें सर्वथा मूर्खपणाचें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. थांबण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद आम्हांला या प्रकरणांत उमगला. एका प्रकारास तिथि असते, दुसऱ्यास नसते. सरकारी नियमांना तिथि असते. भारत-चार १ एप्रिल २०१७ रोजीं, भारत-सहा १ एप्रिल २०२० रोजीं, त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ रोजीं आणि दुचाक्यांच्या धूर-निदान यंत्रणेचा पुढचा टप्पा १ एप्रिल २०२५ रोजीं आला. ज्याला पंचांग पाहतां येतें त्याला हेंही पाहतां येतें. अशा दिवसाच्या अगोदर चार महिने खरेदी पुढें ढकलणें हा शहाणपणा होय. तसेंच अगदीं नवें यंत्र निघाल्यावर पहिले सहा महिने इतरांचा अनुभव ऐकावा, हेंही योग्य. परंतु ‘ट्यूबेवांचून चाकें कधीं तरी येतील’ या वाक्यांत तिथि नाहीं. बिनतिथीच्या लग्नाला मांडव घालून कोणी बसत नाहीं.

क्वचित् थांबणाऱ्यास अकल्पित लाभही होतो, हें आम्ही लपवीत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशें सी. सी. पर्यंतच्या फटफट्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे जेथें १२८ रुपये पडत तेथें ११८ पडूं लागले. पावणेदोन लाखांच्या गाडीवर हा फरक हिशेबानें साडेतेरा हजारांच्या वर जातो. चिरंजीव त्या दिवशीं जेवतांना विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहत होते. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें, “हें होणार असें तुला ठाऊक होतें काय?” ठाऊक नव्हतें. मग तो लाभ होता, हिशेब नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजू आमच्या वहिनींनीं मांडली. त्या गणपतींस पुण्यास आल्या होत्या. त्यांनीं कोणाला दोष दिला नाहीं. बोलतां बोलतां सहज म्हणाल्या, “पाऊस लागला कीं तुमची आई संध्याकाळीं ओट्यावर येऊन बसतात. फटफटीचा आवाज ओढ्यापलीकडून येतो ना, तो ऐकायला. मी सांगतें, अहो, आतां तो नवरात्राशिवाय येत नाहीं. तरी बसतात.” २०२३, २०२४, २०२५, तीन पावसाळे. प्रत्येकीं अडीच महिने धरले तरी साडेसात महिने होतात. औषधें गांवांतील कोणाच्या तरी हातीं पाठवून भागलें. औषधांचें भागतें.

दुसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर आम्ही, बंधु आणि चिरंजीव असे कागद घेऊन बसलों. डाव्या बाजूस येऊं घातलेल्या सुधारणा लिहिल्या, आणि उजव्या बाजूस त्या सहा किलोमीटरांच्या वाटेला त्यांची गरज आहे कीं नाहीं तें लिहिलें. लांब पल्ल्याचे शॉकअब्सॉर्बर: आहेत तेच पुरेसे. ट्यूबेवांचून चाकें: बरीं, पण पंक्चर काढण्याचें साहित्य जवळ ठेवून व तें काम शिकून भागण्याजोगें. ठेंगणी बैठक: चिरंजीवांची उंची पावणेसहा फूट, त्यांस प्रश्नच नाहीं. अधिक शक्ति: त्या वाटेवर पंधरा किलोमीटरांच्या वर वेग कोणी नेऊं नये, आणि नेल्यास आमची परवानगी नाहीं. उजवी बाजू भरतां भरतां चिरंजीव गप्प झाले. त्यांना फटफटीची हौस नव्हती असें नाहीं. हौस होती म्हणूनच ती निर्दोष असावी असें त्यांस वाटत होतें. तरुण मनुष्याचा हा दोष सहृदय दोषांपैकीं आहे, आणि आम्हीं स्वतः त्या वयांत याहून क्षुल्लक वस्तूंसाठीं याहून अधिक वर्षें घालविलीं आहेत. म्हणून आम्ही त्यांस कांहीं बोललों नाहीं.

पुढच्या गुरुवारीं ते जाऊन पैसे भरून आले. साधी जात घेतली; उरलेल्या रकमेंतून चांगलें हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातमोजे घेतले, तेवढी अट बंधूंनीं घातली होती. गाडी मिळाल्यावर पहिल्या रविवारीं ते गांवीं गेले. ओढ्यांतून अजून पाणी वाहत होतें. मातुःश्रींनीं फटफटी निरखून पाहिली, चाकाला हळदकुंकू लावलें, आणि नातवानें पुढें येणाऱ्या ‘प्रो’ जातीची माहिती सांगण्यास आरंभ केला तेव्हां म्हणाल्या, “गाडीला दरसाल नवीं अंगें फुटतात, बाबा. माझीं आहेत तीं झिजताहेत. तूं येत जा, म्हणजे झालं.”

एक्सपल्सची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघेल. त्याविषयीं आम्हांला शंका नाहीं, आणि ती निघाली म्हणजे आम्ही आनंदानें तिची माहिती वाचूं. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशीच एखादी खरेदी बिनतिथीची पडून असेल, तर त्यांनीं एकदां कागदाची उजवी बाजू भरून पाहावी, आणि तिच्याखालीं आणखी एक ओळ लिहावी: ती वस्तु ज्या कामासाठीं घ्यावयाची, तें काम तोंवर कोण करीत आहे, आणि कोण वाट पाहत बसलें आहे.