न्यूरालिंकची चिप: परावलंबन संपलं की बदललं?
२०१६ मध्ये पोहताना मज्जारज्जूला इजा झालेल्या नोलँड आर्बॉने मार्च २०२४ मध्ये नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळून दाखवलं. चर्चा चमत्काराची झाली, पण खरी गोष्ट साधी आहे. आधी तो तोंडात काडी धरून टॅबलेट वापरायचा, आणि ती काडी तोंडात द्यायलाही दुसरं माणूस लागायचं. आता कर्सरसाठी कुणाला हाक मारावी लागत नाही.

पण मेंदूत बसवलेले बरेचसे धागे काही आठवड्यांतच मागे सरकले, कर्सर मंदावला. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून तो सावरला. म्हणजे घरच्यांवरचा भार कंपनीवर गेला, इतकंच!

आवाज शाबूत असेल, तर अँड्रॉइडचं व्हॉइस अ‍ॅक्सेस आधी वापरून बघा. ते फुकट आहे, आणि त्यासाठी डोक्याला छिद्र पाडावं लागत नाही.